दुपारसाठी शिवलेले गणवेश

वाळवंटातल्या मोठ्या लढायांच्या तारखा एकाखाली एक लिहून पाहाव्यात. बगदादच्या अलीकडचं टेसिफोन, २२ नोव्हेंबर १९१५. पॅलेस्टाइनमधलं बीरशेबा, ३१ ऑक्टोबर १९१७. इजिप्तमधलं सिदी बर्रानी, डिसेंबर १९४०. लिबियाच्या सीमेवरची 'क्रुसेडर' मोहीम, १८ नोव्हेंबर १९४१. अल अलामीन, २३ ऑक्टोबर १९४२. आपल्या थरमधलं लोंगेवाला, ४ डिसेंबर १९७१. कुवेत, १९९१ चे जानेवारी आणि फेब्रुवारी. अपवाद आहेत. जर्मन सेनापती रोमेलने लिबियातलं तोब्रुक जूनमध्ये घेतलं आणि १९६७ चं सिनाईतलं युद्धही ऐन जूनमधलं. पण सेनापतीला मुहूर्त निवडायची मुभा असली, की तो बहुधा हिवाळाच निवडतो.

त्यामागे साधा हिशेब आहे. उन्हाळ्यात माणसांना, जनावरांना आणि इंजिनांना लागणारं पाणी वाहून नेण्यातच सैन्याची निम्मी ताकद खर्ची पडते. रणगाड्याच्या पत्र्याला हात लावता येत नाही, दुपारच्या मृगजळात नेम धरता येत नाही. म्हणून ऊन टाळायचं आणि थंडीच्या दिवसांत चढाई करायची. गंमत अशी, की इतका विचार करून ऊन टाळणाऱ्या त्याच सैन्याच्या कपड्यांच्या यादीत वाळवंट म्हणजे फक्त ऊन असतं. अर्धी चड्डी, पातळ शर्ट, डोक्यावर टोपी. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांतल्या वाळवंटी मोहिमांचे वृत्तांत वाचताना ही विसंगती इतक्या वेळा समोर येते, की तिला कुणा एका कारकुनाची चूक म्हणता येत नाही.

थंडीचं कारण शाळेतल्या भूगोलाइतकं सोपं आहे. हवेत बाष्प नाही, वर ढग नाहीत. दिवसभर तापलेली वाळू सूर्य मावळला की आपली उष्णता आकाशात सोडून देते आणि ती अडवायला काही नसतं. एका दिवसरात्रीत वीस अंशांचा फरक ही तिथे नेहमीची गोष्ट. राजस्थानातल्या फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंश नोंदले गेले. त्याच राजस्थानातल्या चुरूला हिवाळ्यात पारा शून्याखाली उतरतो. लिबियाच्या किनारपट्टीवर आणि इराकात या थंडीच्या जोडीला पाऊस असतो, आणि खरा घात तो करतो. कोरडी थंडी माणूस हातपाय हलवून, अंगावर दोन कपडे जास्त चढवून काढतो. भिजलेल्या सुती कपड्यांतून वारा वाहू लागला, की पारा शून्याच्या बराच वर असूनही धडधाकट तरुण गारठून मरतो. लोकर स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत ओल शोषूनही अंगाला ओली लागत नाही. सुताचं तसं नाही. जो गुण त्याला उन्हात हवासा करतो, तोच पावसात नडतो.

ब्रिटिश आणि हिंदी सैन्याकडे दोन्ही कापडं होती. एक खाकी ड्रिल, म्हणजे घट्ट विणीचं सुती कापड, आणि दुसरं सर्ज, म्हणजे लोकरीचं. खाकीचा जन्मच हिंदुस्थानातला. १८४६ मध्ये पेशावरला हॅरी लम्सडेनने 'गाइड्स' पलटण उभी केली, तिने हा मातकट रंग प्रथम वापरला, आणि शतकाच्या अखेरीपर्यंत साम्राज्यभरच्या फौजांनी तो उचलला. छावणीत ड्रिलचं आणि सर्जचं राज्य कॅलेंडरप्रमाणे बदलायचं: अमुक तारखेपासून उन्हाळी पोशाख, तमुक तारखेपासून हिवाळी, असा हुकूम निघायचा. आजही निघतो. पुणे किंवा अंबाल्याच्या छावणीत ही पद्धत चालून जाते, कारण तिथे ऋतू महिन्यांनी बदलतो. वाळवंटात तो रोज संध्याकाळी बदलतो, आणि रोज संध्याकाळी कुणी हुकूम काढत नाही.

वैद्यकशास्त्राने या गोंधळात आपली भर घातली. पाठीच्या कण्याला उन्हाचे किरण लागले की माणूस खलास, अशी समजूत होती. म्हणून शर्टाच्या पाठीवर कापसाने भरलेली जाड पट्टी लावायची. पोटाला गारवा लागला की पटकी होते, अशी दुसरी समजूत; म्हणून पोटाभोवती फ्लॅनेलचा पट्टा गुंडाळायचा, तोही दिवसरात्र. रॉबर्ट कॉखने पटकीचा जंतू १८८४ पर्यंत इजिप्त आणि कलकत्त्यात शोधून दाखवला होता, तरी हा 'कॉलरा बेल्ट' पुढे कित्येक वर्षं सैनिकांच्या कमरेला राहिला. मला या पट्ट्याची थोडी बाजू घ्यावीशी वाटते. त्याच्यामागचं शास्त्र चुकीचं होतं. पण वाळवंटातल्या रात्री माणूस गारठतो, एवढी दखल घेणारी त्या काळच्या उष्ण प्रदेशाच्या पोशाखातली ती जवळजवळ एकच वस्तू होती.

बाकी प्रश्न कापडाचा कधीच नव्हता. लोकरीचा लांब ग्रेटकोट पहिल्या महायुद्धाच्या आधीपासून सगळ्यांकडे होता. कोरडा असताना त्याचं वजन तीन किलोंच्या आसपास, भिजला की विचारू नका. सकाळी नऊ वाजता तो अंगावर नकोसा होतो. शिपायाच्या पाठीवर काडतुसं, पाण्याची बाटली, खोरं, शिधा. मग बारा तास तो कोट कोण वाहणार? खेचर? त्यावर दारूगोळा आहे. उंट? त्यावर पाणी आहे. मोटार? ती दहा मैल मागे वाळूत रुतली आहे. वाळवंटी मोहिमांतल्या थंडीची बहुतेक सगळी रडकथा या एका प्रश्नाभोवती फिरते. कोट नव्हता असं क्वचितच झालं. तो दुसरीकडे होता, असंच बहुतेक वेळा झालं.

याचं सर्वांत भीषण उदाहरण आपल्या फार जवळचं आहे. नोव्हेंबर १९१४ मध्ये इराकच्या मुखाशी, फाओला उतरली ती सहावी डिव्हिजन, जिचं नावच 'पूना डिव्हिजन'. तिच्यात १०३ वी मराठा लाइट इन्फन्ट्री, ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री आणि ११७ वी मराठा या पलटणी होत्या. कोकणातले आणि देशावरचे शेतकरी मुंबईच्या बंदरातून बोटीत चढून थेट शत्-अल्-अरबच्या खाजणात उतरले. पहिल्या उन्हाळ्यात ऊन आणि रोगराईने माणसं घेतली. मग जनरल टाउनशेंडच्या हाताखाली ही डिव्हिजन तैग्रिसच्या काठाकाठाने वर सरकत गेली आणि २२ नोव्हेंबरला टेसिफोनपाशी तुर्कांना भिडली.

लढाईला निघताना ओझं कमी ठेवायचं, हा सनातन नियम. बोचकी, कांबळी, कोट मागे राहिले. चार हजारांहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली. त्या रात्री कडाक्याची थंडी होती आणि जखमी लोक रक्ताने भिजलेल्या ड्रिलमध्ये उघड्यावर पडून होते. त्यांना नदीवरच्या बोटींपर्यंत न्यायला रुग्णगाड्या नव्हत्या. खेचरांच्या बिनस्प्रिंगच्या, लोखंडी तळाच्या सामानगाड्या होत्या. मोडलेल्या पायाच्या माणसाने तशा गाडीतून खाचखळग्यांतून केलेल्या मैलोन् मैलांच्या प्रवासाची वर्णनं वाचवत नाहीत.

डिव्हिजन मागे फिरली, कूत-अल्-अमारात शिरली आणि ७ डिसेंबरपासून वेढ्यात अडकली. तिला सोडवायला आलेल्या फौजेचं जे झालं, ते थंडीच्या दृष्टीने आणखी वाईट. जानेवारी १९१६ मध्ये जनरल एल्मरच्या फौजेने शेख साद, वादी आणि हन्ना अशा तीन लढाया लागोपाठ दिल्या. पाऊस थांबेना. तैग्रिसकाठचा गाळ भिजला की साबणासारखा होतो. माणूस चालत नाही, घसरतो. २१ जानेवारीला हन्नाला तुर्की खंदकांवर समोरून चाल केली आणि सुमारे २,७०० माणसं एका दिवसात गमावली. जखमी चिखलात आणि थंड पावसात रात्रभर पडले. गोळीने न मेलेले कित्येक गारठ्याने मेले. 'वाळवंटी आघाडी' म्हणून ज्या मोहिमेची नोंद होते, तिच्यातला हा प्रसंग चिखल आणि थंडीचा आहे, हे अनेकांना ठाऊक नसतं.

मुंबईत तेव्हा गव्हर्नरची पत्नी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने 'वॉर अँड रिलीफ फंडा'ची महिला शाखा काम करत होती आणि सैनिकांसाठी कपडे शिवून बंदरातून रवाना करत होती. म्हणजे माल होता, माणुसकीही होती. बसऱ्यापर्यंत तो पोचतही होता. बसऱ्याहून पुढे न्यायला मात्र नदीतल्या होड्या पुरेशा नव्हत्या. सरकारने होड्यांच्या मागण्यांवर काटकसरीची कात्री चालवली होती. पुढे चौकशीसाठी नेमलेल्या मेसोपोटेमिया (म्हणजे इराक) कमिशनचा अहवाल १९१७ च्या उन्हाळ्यात बाहेर आला, त्यात हिंदुस्थान सरकारवर, त्याच्या लष्करी खात्यावर आणि या कंजूषपणावर कडक ठपका ठेवला गेला. भारतमंत्री ऑस्टेन चेंबरलेनने राजीनामा दिला. कूत त्याआधी, २९ एप्रिल १९१६ लाच पडलं होतं आणि कैदी झालेल्या हजारो शिपायांना पायी उत्तरेकडे हाकललं गेलं होतं. युद्धानंतर ११७ व्या मराठा पलटणीला मेसोपोटेमियातल्या कामगिरीसाठी 'रॉयल' हा किताब मिळाला.

पॅलेस्टाइनची गोष्ट इतकी काळी नाही, पण तिच्यात चूक जास्त स्वच्छ दिसते. ऑक्टोबर १९१७ च्या अखेरीस ब्रिटिश सेनापती अ‍ॅलेनबीने बीरशेबा घेतलं, तेव्हा पायदळ ड्रिलच्या अर्ध्या चड्ड्यांत होतं आणि ते योग्यच होतं. वेगाने पुढे जाता यावं म्हणून ग्रेटकोट आणि कांबळी मागे ठेवली, उंट पाण्याला आणि दारूगोळ्याला लावले. हेही योग्यच. पण मोहीम ठरल्यापेक्षा जास्त यशस्वी झाली! तुर्क मागे हटत गेले आणि तीन आठवड्यांत हे सैन्य सपाट वाळूतून यहुदियाच्या डोंगरांत, दोन-अडीच हजार फुटांवर, नोव्हेंबरच्या पावसात जाऊन पोचलं. अंगावर तेच कपडे. गुळगुळीत भिजलेल्या खडकांवर उंटांचे पाय फाकून ते कोसळत होते, आणि त्यांच्याबरोबरचे इजिप्शियन उंटवाले सुती झग्यांत थंडीने मरत होते. या उंटवाल्यांच्या मृत्यूंना इतिहासग्रंथांत एखाद-दुसरं वाक्य मिळतं. ९ डिसेंबरला जेरुसलेम पडलं. विजय मिळाल्यामुळे कपड्यांची चौकशी करायची कुणाला गरज वाटली नाही.

तिथून पूर्वेला, मृत समुद्रापलीकडच्या पठारावर, त्याच हिवाळ्यात 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून गाजलेल्या ब्रिटिश अधिकाऱ्याबरोबरचे अरब टोळीवाले बर्फात होते. जानेवारी १९१८ ची तफीलाची लढाई ऐन बर्फाच्या दिवसांत झाली. स्थानिक माणसाला थंडी बाधत नाही, हा समज तिथे खोटा ठरला. उबदार दक्षिणेतून आलेले अनवाणी अरबही गोठून मेले. उत्तरेकडच्या बदाऊंनी, म्हणजे भटक्या अरबांनी, मात्र या हवामानाशी शतकानुशतकं जमवून घेतलं होतं. त्यांच्या पोशाखात सैल सुती झग्यावर लोकरीचा किंवा उंटाच्या केसांचा अंगरखा असतो आणि हिवाळ्यात आतून मेंढीचं कातडं लावलेला जाड 'फरवा'. दिवसा हाच अंगरखा उन्हापासून आडोसा होतो, रात्री अंथरूण-पांघरूण होतो. १९८० मध्ये 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात बदाऊंच्या काळ्या झग्यांवर एक छोटा शोधनिबंध आला होता: काळा झगा ऊन जास्त शोषतो, पण कापड जाड आणि सैल असल्यामुळे आतून हवा खेळते आणि अंगापर्यंत पोचणारी उष्णता पांढऱ्या झग्याइतकीच राहते. अंगालगत बसणाऱ्या युरोपीय गणवेशाला हे साधत नाही. अर्थात बदाऊचा अंगरखा वाहायला त्याचा स्वतःचा उंट असतो, हेही विसरू नये.

दुसऱ्या महायुद्धातलं उत्तर आफ्रिकेचं रणांगण या विषयाची जणू प्रयोगशाळाच आहे. तीन वर्षं, एकच भूमी आणि आलटून पालटून तीन-चार देशांची सैन्यं.

इटालियनांकडे 'सहारियाना' हा खास वाळवंटासाठी शिवलेला सुरेख सुती कोट होता, मोठ्या खिशांचा. त्याची नक्कल पुढे जगभरच्या शिंप्यांनी केली. पण १९४० च्या हिवाळ्यात लिबियातले हजारो इटालियन शिपाई आपल्या राखाडी-हिरव्या लोकरी गणवेशात होते. दुपारी घामाघूम होणारा हा वेश रात्री मात्र ब्रिटिशांपेक्षा बरा होता. युद्ध जिंकायला त्याचा काही उपयोग झाला नाही, हा भाग वेगळा. ब्रिटिश जनरल ओकॉनरच्या छोट्या फौजेने फेब्रुवारी १९४१ पर्यंत त्यांतले सुमारे १,३०,००० कैद केले.

त्या मोहिमेची सुरुवात करणाऱ्या चौथ्या हिंदी डिव्हिजनने ९ डिसेंबर १९४० च्या पहाटे निबैवाच्या छावणीवर हल्ला केला. त्याआधी इटालियन विमानांना दिसू नये म्हणून माणसं उघड्या वाळवंटात विनाशेकोटी, विनाहालचाल पडून राहिली होती. डिसेंबरची रात्र, समुद्रावरून येणारा वारा, अंगावर ड्रिल, वर लोकरी जर्सी, नशिबात असेल त्याला ग्रेटकोट. डोक्याला 'कॅप कम्फर्टर', म्हणजे विणलेली लोकरी पिशवी. दुमडली तर टोपी, उलगडली तर मफलर. अशी साधी चीज मोठमोठ्या समित्यांना क्वचितच सुचते. पुढच्याच महिन्यात बार्डियावर हल्ला करणाऱ्या ऑस्ट्रेलियनांना चामड्याची बिनबाह्यांची जाकिटं दिली गेली, सुमारे ११,५०० नग. हेतू दुहेरी होता: पहाटेची थंडी आणि काटेरी तारा. बाह्या नसल्यामुळे हात मोकळे, वजन कमी, आणि दुपारी अंगात राहिलं तरी माणूस भाजत नाही. हल्ल्याआधी अंगावरच्या वस्तूंचा इतका नेमका विचार या सगळ्या इतिहासात मला फार थोड्या ठिकाणी सापडला.

अर्ध्या चड्डीबद्दल थोडं सांगायलाच हवं. ब्रिटिशांनी युद्धाच्या सुरुवातीला एक अजब चड्डी वापरात आणली होती. तिचे पाय लांब असत. दिवसा ते दुमडून वर बटणाने अडकवायचे आणि संध्याकाळी खाली सोडून मोज्यांत खोचायचे. डास चावू नयेत हा उद्देश. कागदावर कल्पना नामी: एकच वस्त्र, दिवसा चड्डी आणि रात्री विजार. घातल्यावर मात्र माणूस विदूषकासारखा दिसे, कारण दुमडलेल्या कापडाचा घोळ गुडघ्याभोवती फुगून राही. टॉमी शिपायांनी तिचं नाव ठेवलं 'बॉम्बे ब्लूमर्स'. मुंबईची ही बदनामी जगभर गेली. वाळवंटात दिवस-रात्रीचा फरक लक्षात घेणारा हा जवळजवळ एकमेव अधिकृत कपडा, आणि तो नेमका हसण्यावारी गेला. बहुतेकांनी घड्या कापून टाकल्या आणि सरळ चड्डी करून घेतली.

जर्मन आफ्रिका कोअर फेब्रुवारी १९४१ मध्ये त्रिपोलीला उतरलं, ते थेट पाठ्यपुस्तकातून उतरल्यासारखं. हॅम्बुर्गच्या उष्णकटिबंधीय रोगांच्या संस्थेच्या सल्ल्याने शिवलेला ऑलिव्ह रंगाचा सुती गणवेश, घट्ट ब्रीचेस, कॅनव्हास-चामड्याचे गुडघ्यापर्यंतचे लेसचे बूट, डोक्यावर सोला हॅट. काही आठवड्यांत हॅट आणि ब्रीचेस गायब झाल्या. उरली ती पुढे झडप असलेली सुती टोपी. तिचा रंग उन्हाने उडून जवळजवळ पांढरा झाला की माणूस जुना-जाणता समजला जाई, म्हणून नवखे टोप्या मुद्दाम धुऊन फिक्या करत. पण एक गोष्ट जर्मनांनी पहिल्यापासून बरोबर केली. उष्ण प्रदेशासाठीच्या पोशाखात त्यांनी तपकिरी लोकरीचा ग्रेटकोट धरला होता. खुद्द रोमेलची छायाचित्रं पाहा: चामड्याचा लांब कोट, गळ्यात चौकटीचा मफलर, टोपीवर ब्रिटिशांकडून पळवलेला गॉगल. हा थंडीचा पोशाख आहे, आणि त्या युद्धातली वाळवंटाची सर्वांत प्रसिद्ध प्रतिमाही हीच आहे.

ब्रिटिश अधिकाऱ्यांनी स्वतःपुरता प्रश्न बाजारात जाऊन सोडवला. कैरोच्या शिंप्याकडून कॉर्डुरॉयची विजार, बाजारातून क्रेप सोलचे मऊ कातडी बूट, मेंढीच्या कातड्याचा कोट, गळ्यात रेशमी रुमाल. या वेषाची टिंगल करणारी 'टू टाइप्स' नावाची व्यंगचित्रमालिका सैन्याच्या वर्तमानपत्रात गाजली. मॉन्टगोमेरीनेही पुलोव्हर आणि कॉर्डुरॉयवर युद्ध काढलं. बुटांची कथा पुढे गेली: नेथन क्लार्क नावाच्या अधिकाऱ्याने ते ब्रह्मदेशात असताना आफ्रिकेतून आलेल्या सहकाऱ्यांच्या पायांत पाहिले आणि युद्धानंतर आपल्या घराण्याच्या कंपनीतर्फे 'डेझर्ट बूट' म्हणून बाजारात आणले. साध्या शिपायाला मात्र कैरोचा शिंपी परवडणारा नव्हता. त्याच्यासाठी १९३९ च्या सुमाराला आलेला सर्जचा 'बॅटलड्रेस' होता, तोही हिवाळा बऱ्यापैकी उलटल्यावर हातात पडे. तो धुणार कसा? माणशी दिवसाला गॅलनभर, म्हणजे साडेचार लिटर पाणी, तेही पिण्या-रांधण्यासकट; कित्येकदा त्याहून कमी. पेट्रोल मात्र मुबलक. म्हणून लोकरी कपडे पेट्रोलमध्ये बुचकळून काढत. पाच मिनिटांत वाळत, उवाही मरत. काडी पेटवण्यापूर्वी जरा थांबावं लागे इतकंच.

मोटारींवर राहणाऱ्यांची स्थिती सर्वांत चांगली होती, आणि ओझ्याच्या प्रश्नाला यातून उत्तर मिळतं. राल्फ बॅग्नोल्डने जुलै १९४० मध्ये उभ्या केलेल्या 'लाँग रेंज डेझर्ट ग्रुप'ची माणसं शत्रूच्या मागे शेकडो मैल खोल फिरत. बॅग्नोल्ड युद्धाआधी स्वतः या वाळवंटात मोटारी घेऊन फिरलेला, वाळूच्या हालचालीवर ग्रंथ लिहिणारा माणूस. त्याच्या पथकाची वस्त्रं कुठल्याच नियमात बसत नव्हती: डोक्याला अरबी रुमाल, पायात आपल्या वायव्य सरहद्दीवरच्या चपला, आणि रात्रीसाठी 'ट्रोपल' नावाचा कापूसभरल्या अस्तराचा भलामोठा कॅनव्हासचा कोट, ज्यात माणूस उभा झोपू शकेल. असा कोट पायदळाला देणं शक्यच नव्हतं. त्यांच्याकडे तो होता, कारण त्यांच्याकडे ट्रक होते आणि ट्रकमध्ये काय ठेवायचं हे तेच ठरवत.

उलट, ट्रक सोबत नसले की काय होतं, ते नोव्हेंबर १९४१ ने दाखवलं. 'क्रुसेडर' सुरू होण्याच्या आदल्या रात्री किनाऱ्यावर प्रचंड वादळी पाऊस कोसळला. कोरडे ओढे दुथडी भरून वाहिले, विमानतळांचा चिखल झाला. त्याच रात्री रोमेलला त्याच्या मुख्यालयात गाठायला निघालेली ब्रिटिश कमांडोंची तुकडी पाणबुडीतून उतरून, भिजलेल्या कपड्यांत, डोंगरांत लपतछपत चालली होती. रोमेल तिथे नव्हता. तुकडीचा नायक मारला गेला.

आणि मग कैदी. २० जून १९४२ ला रोमेलने तोब्रुकवर जिथे मुख्य घाव घातला, त्या पट्ट्यावर पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियन होती. दुसऱ्या दिवशी तोब्रुक पडलं, तेहतीस हजारांच्या आसपास माणसं पकडली गेली. महिना जूनचा, त्यामुळे सगळे शर्ट-चड्डीत. त्यांतल्या हजारोंना समुद्रापार इटलीत नेलं. हिंदी कैद्यांची एक मोठी छावणी अबरुत्सीच्या डोंगराळ मुलुखात अवेझ्झानोला होती, जिथे हिवाळ्यात बर्फ पडतं. वाळवंटातल्या दुपारचे कपडे घालून माणसं आपेनाइन पर्वताच्या हिवाळ्यात शिरली. रेडक्रॉसकडून आलेले कोट आणि बॅटलड्रेस मिळेपर्यंत जे दिवस गेले, त्यांचा हिशेब कुठल्याही लढाईच्या नकाशावर नाही.

या सगळ्यानंतर पन्नास वर्षांनी तरी शहाणपण आलं असेल, असं वाटतं. १९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकनांकडे तपकिरी ठिपक्यांचा वाळवंटी गणवेश होता, आणि त्याच्याबरोबर रात्रीचा वेगळा पार्का. त्यावर चौकड्यांची हिरवी नक्षी होती. सोव्हिएत बनावटीच्या रात्रदुर्बिणींना चकवण्यासाठी. त्या नक्षीने कोण चकलं ते सोडा. पण आत अस्तर अडकवता येत असल्यामुळे शिपायांनी तो निव्वळ ऊबदार कोट म्हणून जिवापाड जपला. लढाईचा कपडा म्हणून खर्च मंजूर झाला, म्हणून ऊब मिळाली. नुसता कोट मागितला असता तर किती वर्षं लागली असती, देव जाणे.

त्याच जानेवारीत पश्चिम इराकमध्ये एसएएस या ब्रिटिश विशेष दलाची आठ जणांची 'ब्राव्हो टू झीरो' ही तुकडी उतरली. त्यांनी मोटारी न्यायचं नाकारलं आणि सगळा बोजा पाठीवर घेतला. शोध लागला, गोळीबार झाला, पळायचं म्हणून पाठीवरच्या पिशव्या टाकून दिल्या. पिशव्यांत गरम कपडे होते. त्या भागात कित्येक वर्षांत पडली नव्हती अशी थंडी पडली, पाऊस आणि बर्फ. आठांपैकी तिघे मेले, त्यांतले दोघे गारठ्याने. त्याच हिवाळ्यात जवळपासच जीपगाड्यांवर फिरणाऱ्या एसएएस पथकांच्या छायाचित्रांत सैनिकी गणवेशावर जाड अरबी कोट चढवलेले दिसतात. टेसिफोनहून पंचाहत्तर वर्षांनी, त्याच देशात, फरक पुन्हा कोट कोण वाहतं यानेच पडला.

आता कापड बदललं आहे. फ्लीससारखी पॉलिएस्टरची कापडं हलकी असतात, पाणी धरत नाहीत, झटपट वाळतात. तीन किलोंच्या ग्रेटकोटाची ऊब अर्ध्याहून कमी वजनात मिळते. ओझ्याचा प्रश्न सुटल्यात जमा झाला, असं वाटू लागलं होतं. मग इराकमध्ये रस्त्याकडेच्या बॉम्बस्फोटांत गाड्या पेटू लागल्या आणि डॉक्टरांच्या लक्षात आलं, की हे कापड वितळून कातडीला चिकटतं. एप्रिल २००६ मध्ये अमेरिकन मरीन कोअरने इराकमध्ये तळाबाहेर जाताना वितळणारे कृत्रिम धाग्यांचे कपडे घालायला बंदी केली. त्यानंतर आगीत न वितळणाऱ्या धाग्यांवर पैसा ओतला जाऊ लागला, आणि ज्या जुन्या धाग्यांचा पुन्हा गंभीरपणे विचार सुरू झाला, त्यांत मेंढीची लोकरही आहे: ती सहजासहजी पेट घेत नाही, वितळत नाही, आणि भिजली तरी ऊब सोडत नाही.